वकट, लेंड, मुंड, नाल : लीला, व्यवहार आणि परकी भाषा

लहान मुलांना नवी भाषा खेळातून शिकवावी, हे विधान आज इतके सर्वमान्य झाले आहे की त्यातला तात्त्विक पेच सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. खेळ ही खेळासाठीच केलेली क्रिया असते, तर शिकवणे ही दुसरे काही साधण्यासाठी केलेली क्रिया असते. मग खेळाला शिकवण्याच्या कामी लावले की तो खेळ उरतो का, आणि उरत नसेल तर 'खेळातून शिकवणे' हा वदतोव्याघात, म्हणजे स्वतःचेच म्हणणे खोडणारे बोलणे, ठरत नाही का? हा प्रश्न बालशिक्षणाच्या चर्चेत नवा वाटला तरी भारतीय दर्शनांना तो जुनाच आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या पादात सृष्टीविषयी नेमका असाच आक्षेप घेतलेला आहे. प्रत्येक प्रवृत्तीमागे प्रयोजन असते आणि ब्रह्म तर आप्तकाम, म्हणजे ज्याला मिळवायचे काही उरलेलेच नाही असे आहे. तेव्हा ते जग निर्माण करण्याच्या खटाटोपात पडेलच कशाला, असे आक्षेपकाचे म्हणणे आहे. त्यावर सूत्रकारांचे उत्तर असे की लोकांत जशी लीला दिसते तशीच ही केवळ लीला आहे. शंकराचार्यांनी भाष्यात दोन दृष्टांत दिले आहेत. सर्व इच्छा पुरलेला राजा क्रीडास्थानी रमतो तो पहिला, आणि श्वासोच्छ्वास कोणत्याही बाह्य हेतूवाचून चालू राहतो तो दुसरा. पुढे आचार्यांनी मोठ्या प्रामाणिकपणाने एक कबुलीही दिली आहे, ती अशी की माणसांच्या खेळात बारकाईने पाहिल्यास एखादे सूक्ष्म प्रयोजन कल्पिता येईल, ईश्वराच्या लीलेत मात्र तेही नाही. बालशिक्षणाचा सगळा प्रश्न या 'सूक्ष्म प्रयोजना'त सामावलेला आहे, कारण ते प्रयोजन कोणाच्या मनात आहे आणि किती सूक्ष्म आहे, यावर खेळ खेळ राहतो की नाही ते ठरते.

या प्रश्नाचा विचार करण्यास नाशिक जिल्ह्याइतकी सोयीची भूमी क्वचितच सापडेल. हा कुसुमाग्रजांचा जिल्हा म्हणून मराठीच्या अभिमानाने ओळखला जातो आणि त्यांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळला जातो; परंतु याच जिल्ह्यातील हजारो मुलांना शाळेची मराठी ही परकी नसली तरी नवी भाषा असते. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या पाड्यांवर घरात कोकणा किंवा डांगी बोलली जाते, आणि ही कोकणा म्हणजे गोव्याची कोकणी नव्हे. बागलाण आणि मालेगावच्या पट्ट्यात अहिराणी चालते, मालेगाव शहरातील यंत्रमागांच्या वस्तीत उर्दू, देवळालीच्या लष्करी वसाहतीत देशाच्या कानाकोपऱ्यातील भाषा आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांभोवतीच्या चाळींत हिंदी व भोजपुरी. २०२० सालच्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक झाल्यापासून या शेवटच्या गटातील मुलांच्या दप्तरातही मराठीचे पुस्तक आले आहे. अहिराणी घरातून आलेल्या मुलाची अडचण वरवर क्षुल्लक दिसते, कारण दोन्ही भाषा एकमेकींच्या जवळच्या आहेत, पण जवळच्या भाषाच अधिक चकवतात. घरी 'मला, तुला' यांच्या जागी 'माले, तुले' असते, मुलगा 'आंडोर' आणि मुलगी 'आंडेर' असते, आणि 'कथा' म्हणजे 'कुठे'. पाठ्यपुस्तकाच्या पानावर 'कथा' हा शब्द दिसतो तेव्हा त्या मुलाला तो ओळखीचाच वाटतो, पण त्या ओळखीतून त्याच्या हाती प्रश्न येतो आणि गोष्ट मात्र निसटते.

मूल शब्दाचा अर्थ कसे जाणते, या प्रश्नाचा जितका बारीक विचार मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थाची चिकित्सा करणाऱ्या दर्शनाच्या आचार्यांनी, केला तितका जगातील फार थोड्या परंपरांनी केला असेल. त्यांच्या विवेचनात एक लहानसे दृश्य पुनःपुन्हा येते. एक वडीलधारा माणूस दुसऱ्याला गाय आणण्यास सांगतो, दुसरा उठून गाय आणतो आणि जवळ उभे असलेले मूल हे पाहते. सांगणारा तो उत्तमवृद्ध आणि करणारा तो मध्यमवृद्ध. मुलाला एवढेच कळते की या संपूर्ण ध्वनीचा त्या संपूर्ण कृतीशी काही संबंध आहे. नंतर गाय बांधण्यास सांगितले जाते, मग घोडा आणण्यास. एक शब्द जातो, दुसरा येतो आणि त्याबरोबर कृतीचा एक तुकडा बदलतो. शब्द घालण्याच्या आणि काढण्याच्या या प्रक्रियेला आवाप-उद्वाप असे नाव आहे आणि तिच्याच साहाय्याने मूल कोणता ध्वनी कशाचा वाचक आहे ते वेगळे काढते. या साऱ्याला वृद्धव्यवहार, म्हणजे जाणत्यांच्या आपसांतील वागण्याबोलण्यातून होणारे शब्दज्ञान, असे म्हणतात. कुमारिल आणि प्रभाकर या दोन मीमांसकांत मतभेद आहे तो शब्द सुटा अर्थ सांगतो की परस्परांत गुंफलेलाच अर्थ सांगतो याविषयी. मूल व्यवहारातून शिकते, हे दोघांनाही मान्य आहे. नैयायिकांनीही शब्दार्थ कळण्याचे आठ मार्ग मोजले, त्यांत व्याकरण, कोश, विवरण ही शाळेची परिचित साधने आहेत. तथापि बोलण्याचा ओ-ठो माहीत नसलेल्या बालकाला यांतील एकही साधन उपयोगी पडत नाही, कारण कोश वाचण्यास आधी भाषा लागते, आणि म्हणूनच व्यवहार हा सर्वांत मूलभूत मार्ग मानला गेला.

मात्र मीमांसकांच्या या दृश्यात मूल बाजूला उभे आहे. बोलणे मोठ्यांचे, करणे मोठ्यांचे, गायही मोठ्यांचीच. मुलाच्या वाट्याला येते ते फक्त पाहणे. मातृभाषेच्या बाबतीत हे पाहणे वर्षानुवर्षे, दिवसाचे सर्व प्रहर चालत असल्याने पुरेसे ठरते. दुसऱ्या भाषेला एवढा अवकाश मिळत नाही; ती शाळेतील एखाद्या तासापुरती येते आणि त्या तासाला नुसते बाजूला उभे राहिलेले मूल कायम बाजूलाच राहते. खेळाचे खरे सामर्थ्य येथे दिसते. खेळ मुलाला मध्यमवृद्धाच्या जागी नेऊन उभे करतो. सांगितलेले त्याला करावे लागते, तेही ताबडतोब. आणि पुढच्या डावात उत्तमवृद्धाची जागाही त्याच्याकडे येते, म्हणजे सांगावेही त्यालाच लागते.

'मामाचं पत्र हरवलं' हा महाराष्ट्रातील शाळांच्या अंगणात खेळला जाणारा खेळ या दृष्टीने जवळून पाहण्यासारखा आहे. मुले तोंडे आत करून गोल बसतात, ज्याच्यावर राज्य असेल तो हातात रुमाल घेऊन बाहेरून पळतो, मोठ्याने पुकारा करतो, बाकीची मुले एका सुरात उत्तर देतात आणि कोणाच्या तरी पाठीमागे रुमाल हळूच टाकला जातो. ज्या मुलाला मराठीचा एक शब्द येत नाही तेही पहिल्या दिवशी यात बसू शकते, कारण पाठीमागे हात फिरवून रुमाल चाचपणे आणि उठून धावत सुटणे यांना भाषा लागत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या डावापर्यंत 'हरवलं' आणि 'सापडलं' हे दोन शब्द त्याच्या तोंडात बसलेले असतात, आणि ते सुटे शब्द म्हणून बसलेले नसतात. नाहीसे होण्याची धास्ती आणि हाती लागण्याचा आनंद यांच्यासकट ते आत गेलेले असतात. आता येथे जाणत्या शिक्षिकेने एवढेच करावे की पुढच्या डावात पत्राऐवजी टोपी हरवावी आणि त्याच्या पुढच्या डावात चेंडू. मामाचं पत्र हरवलं, मामाची टोपी हरवली, मामाचा चेंडू हरवला. मराठीतील तीन लिंगे, षष्ठीच्या प्रत्ययाचे त्यांच्याबरोबर बदलणे आणि भूतकाळी क्रियापदाने नामाच्या मागोमाग जाणे हे सगळे त्या रुमालाबरोबर वर्तुळाभोवती फिरते. हिंदी बोलणाऱ्या मुलाला नपुंसकलिंग माहीत नसते, कारण त्याच्या भाषेत दोनच लिंगे आहेत. त्याला फळ्यावर तक्ता काढून हे समजावू गेल्यास आठवडे लागतात आणि तरी 'पत्र हरवला' असेच तोंडातून येते. वर्तुळात मात्र ते सगळ्यांबरोबर 'पत्र हरवलं' म्हणते, कारण इतर वीस मुले तसे म्हणत असताना वेगळे म्हटले तर सूरच जुळत नाही. आवाप-उद्वापाचे याहून स्वच्छ उदाहरण शास्त्रग्रंथांतही मिळणे कठीण.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हीच दृष्टी विसाव्या शतकात लुडविग विट्गेनश्टाइन यांनी मांडली. १९५३ साली, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी संत ऑगस्टीन यांनी केलेले स्वतःच्या बालपणीच्या भाषाशिक्षणाचे वर्णन घेतले, शब्द म्हणजे वस्तूंना चिकटवलेली नावे ही त्यातील कल्पना तपासली, आणि तिच्याऐवजी एक गवंडी व त्याचा मदतनीस यांचे चित्र उभे केले, ज्यात गवंडी शब्द उच्चारतो आणि मदतनीस त्या नावाचा दगड आणून देतो. गाय आणण्याच्या दृश्याशी त्याचे साम्य थक्क करणारे आहे. बोलणे आणि करणे यांच्या अशा विणीला त्यांनी भाषेचा खेळ असे नाव दिले. त्यांनी त्यापूर्वी, १९२० ते १९२६ या काळात, ऑस्ट्रियातील खेड्यांमध्ये प्राथमिक शिक्षक म्हणून काम केले होते आणि तेथील मुलांसाठी शब्दकोशही तयार केला होता, ही गोष्ट येथे विसरण्यासारखी नाही.

तरीही खेळ पुरेसा आहे का, असे विचारले तर मराठी मुलांच्याच एका खेळाची साक्ष उलट बाजूने निघते. विटीदांडूत अंतर मोजताना जे शब्द म्हणतात ते वकट, लेंड, मुंड, नाल असे सुरू होतात आणि ते मराठीतील संख्यावाचक शब्द नाहीत. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या एक ते चारच्या संख्यांशी त्यांचे असलेले साम्य अभ्यासकांनी पुष्कळदा दाखवून दिले आहे. म्हणजे कधीतरी, कुठेतरी, गोदावरीच्या खालच्या अंगाच्या भाषेतील मोजणी मराठी मुलांच्या खेळात शिरली आणि पिढ्यानपिढ्या मैदानात टिकली. नाशिकच्या नदीकाठी दांडूने जमीन मोजणाऱ्या मुलांनी, ज्या नदीच्या उगमाजवळ ती उभी होती त्याच नदीच्या मुखाकडील लोकांचे अंक तोंडी घोळवले. खेळाने शब्द जपले, कितीतरी कोशांनी जपले नसते इतके जपले. पण त्या मुलांना तेलुगू आली नाही. ती येणे शक्यही नव्हते, कारण त्या मैदानात तेलुगूत उत्तर देणारे कोणी नव्हते. शब्द होते, कृती होती, आनंद होता. ज्याच्यासाठी ते शब्द जिवंत आहेत असा दुसरा माणूस तेवढा नव्हता. नवी भाषा खेळातून येते तेव्हा ती वस्तुतः खेळगड्याकडून येते, ही या लेखाच्या दृष्टीने कळीची गोष्ट आहे, आणि शैक्षणिक खेळण्यांच्या व पडद्यावरील खेळांच्या आजच्या सुकाळात तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होत आहे.

आधुनिक प्रयोगांचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन भाषेचे बारा वर्ग देण्यात आले, ज्यांत ती भाषा बोलणारी माणसे बाळांसमोर बसून खेळण्यांशी खेळत आणि पुस्तके वाचून दाखवत. त्या बाळांना मँडरिनमधील ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटाला तीच माणसे, तेच शब्द, तेवढाच वेळ पण चित्रफितीवरून दाखवले गेले, आणि त्या बाळांना जवळजवळ काहीच आले नाही. वृद्धव्यवहार या शब्दातील 'वृद्ध' हे पद मीमांसकांनी शोभेसाठी घातलेले नव्हते, याची यावरून खात्री पटते.

त्र्यंबकेश्वर आणि नाशिक येथील वेदपाठशाळांची परंपरा या विवेचनाला एक वेगळी कसोटी लावते. तेथे आठ-दहा वर्षांची मुले घरच्या मराठीपासून दूर असलेल्या वैदिक संस्कृतातील हजारो मंत्र मुखोद्गत करतात आणि अर्थ बहुधा नंतर येतो, काही वेळा येतही नाही. जटापाठात पहिले पद, दुसरे पद, मग उलटे दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे असा क्रम असतो. घनपाठात ही उलटसुलट वीण तीन पदांपर्यंत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला यात लगोरीच्या किंवा सागरगोट्यांच्या लयीची आठवण होईल आणि ती चुकीची नाही, कारण लय, पुनरावृत्ती आणि चूक होताच ती ऐकू येणे ही खेळाचीच अंगे आहेत. पण या पाठांचा हेतू ध्वनी अक्षत ठेवणे हा आहे, बोलणारा घडवणे हा नव्हे, आणि तो हेतू त्यांनी अजोड रीतीने साधला आहे. घोटाळा होतो तो हीच पद्धत बोलीच्या शिक्षणात आणली जाते तेव्हा, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाकडून इंग्रजी बालगीते अर्थावाचून घोकून घेऊन पालकसभेत म्हणून दाखवली जातात तेव्हा. त्यात वेदपाठाची निष्ठा नसते आणि खेळाचा मोकळेपणाही नसतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत धीराने भिडल्या त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे बालशिक्षणाचे काम १९५७ साली डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि वारली मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यावरच्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी आणि गुरे चारणाऱ्या मुलांमागे माळावर जाणारी ती कुरणशाळा. या दुसऱ्या कल्पनेचा तात्त्विक अर्थ फार खोल आहे. कुरणावर मूल हे अडाणी नसते. गुरे कोणती, चारा कोणता, कोणत्या झुडपाला हात लावायचा नाही, हे त्याला ठाऊक असते आणि शिक्षिकेला ठाऊक नसते. तेथे उत्तमवृद्ध तेच असते. प्रमाण मराठीचा शब्द अशा जागी येतो तेव्हा तो मुलाच्या शब्दाला हाकलून देत नाही, त्याच्या शेजारी येऊन बसतो.

या वागण्याला मीमांसेत एक अनपेक्षित आधार सापडतो. जैमिनिसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या पादात पिक, नेम, तामरस अशा काही शब्दांची चर्चा आहे. हे शब्द वेदात येतात, पण आर्य त्यांचा वापर करत नाहीत. म्लेच्छ, म्हणजे परक्या बोली बोलणारे लोक, ते वापरतात आणि त्यांच्यात पिक म्हणजे कोकीळ, नेम म्हणजे अर्धा, तामरस म्हणजे कमळ. मग अर्थ कोणाकडून घ्यायचा, की व्याकरण आणि निरुक्त यांच्या बळावर धातू काढून नवा अर्थ बसवायचा? शबरस्वामींच्या भाष्याचा निर्णय असा की म्लेच्छांच्या वापरातील अर्थच घ्यावा, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांत पक्षी पाळणे व पकडणे यांत तेच अधिक निष्णात आहेत हेही एक आहे. 'म्लेच्छ' या शब्दाला चिकटलेला तुच्छभाव इतिहासातून पुसता येणार नाही, परंतु त्या भावासकट वावरणाऱ्या परंपरेनेही शब्दाच्या बाबतीत तो वापरणाऱ्याचा अधिकार मान्य केला, आणि तोही वेदार्थासारख्या विषयात, हे लक्षणीय आहे. सुरगाण्याच्या जंगलातील पाखरांची, कंदांची आणि रानभाज्यांची नावे ज्या सहा वर्षांच्या मुलीला येतात तिच्यापुढे पाठ्यपुस्तकातील पक्ष्यांचा तक्ता घेऊन उभ्या राहिलेल्या शिक्षकाला या अधिकरणाची, म्हणजे मीमांसेतील या चर्चेची, जितकी गरज आहे तितकी वैदिकालाही नसेल.

शासकीय पातळीवर खेळाला मान्यता मिळाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाचा पायाभूत स्तर खेळावर आधारलेला असावा असे म्हटले आणि २०२२ साली त्या स्तरासाठी आलेल्या अभ्यासक्रम आराखड्याने तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांची कल्पनाही आधाराला घेतली. तथापि भाषेचा प्रश्न आला की चर्चा चटकन संख्येवर घसरते. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणण्याचा निर्णय काढला, जूनमध्ये तो बदलला आणि त्या महिन्याच्या अखेरीस दोन्ही निर्णय मागे घेतले. या काळात एक भाषा की दोन की तीन, यावर राज्यभर वाद झाला. वाद रास्त होता, कारण लहान मुलाच्या दिवसात किती तास आहेत हा प्रश्न खराच आहे. पण त्या मुलाशी ती भाषा बोलत खेळायला वर्गात कोण असणार, हा प्रश्न त्या गदारोळात फार कमी वेळा विचारला गेला, आणि त्याचे उत्तर नसेल तर एक नवी भाषासुद्धा जास्त ठरते, तर उत्तर असेल तेव्हा मालेगावच्या गल्लीत उर्दू, अहिराणी आणि मराठी या तिन्ही भाषा एकाच डावात चालतात.

आता आरंभीच्या पेचाकडे वळता येईल. खेळात भाषेचे प्रयोजन असते, पण ते मुलाच्या मनात नसते. त्याला रुमाल हवा असतो, जागा हवी असते, धरले न जाणे हवे असते. प्रयोजन शिक्षकाच्या मनात असते आणि ते शंकराचार्यांनी म्हटल्याप्रमाणे सूक्ष्म राहिले पाहिजे. डाव मध्येच थांबवून 'हरवलं' हे कोणते लिंग असे विचारले की ते स्थूल होते आणि खेळ त्याच क्षणी संपतो; मुलांना ते मोठ्यांच्या आधी कळते. म्हणून शिक्षकाला येथे गीतेतील फलत्यागासारखे काहीतरी करावे लागते. खेळ मन लावून मांडायचा, शब्द विचारपूर्वक निवडायचे, आणि आज अमुक इतके शब्द आले की नाही या हिशोबाची आसक्ती डाव चालू असेपर्यंत सोडायची. हे अवघड आहे, कारण नोंदवही तो हिशोब मागते आणि ती नोंद ठेवणे कर्तव्यच असते. पण नोंद डाव संपल्यावर ठेवता येते.

मराठी मुलांच्या खेळात ज्याला पकडायचे, शोधायचे किंवा धावायचे असते त्याच्यावर 'राज्य' असते. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे, कारण या राज्यात सत्ता नसून ओझे असते, ते कोणालाच नको असते आणि चुकणाऱ्यावर येते. कळवणकडच्या एखाद्या अंगणवाडीत असा खेळ सहज मांडता येतो की वस्तू मध्ये ठेवायची, मुलांनी तिचे घरच्या बोलीतील नाव सांगायचे, बाईंनी ते उच्चारायचे, मग बाईंनी मराठी नाव सांगायचे आणि मुलांनी ते उच्चारायचे. जो अडखळेल त्याच्यावर राज्य. पहिल्या काही डावांत राज्य बहुतेक वेळा बाईंवरच येते. मुले हसून लोळतात, बाई पुन्हा तो शब्द म्हणून पाहतात, एखादी चिमुरडी त्यांच्या तोंडाकडे बोट करून ओठ कसे करायचे ते दाखवते, आणि मग टोपलीतून पुढची वस्तू निघते.